चिनी मातीची किटली गुवाहाटीला पाठवताना

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून घेतलेली जुनी किटली असो, लंबकाचं घड्याळ असो की ग्रामोफोनच्या लाखेच्या तबकड्यांचा गठ्ठा, ऑनलाइन विकणं आता सोपं झालंय. फोटो काढा, किंमत टाका, गिऱ्हाईक मिळतंच. डोकेदुखी सुरू होते ती पैसे जमा झाल्यावर. वस्तू मुंबईत, घेणारा गुवाहाटीत. मधे पिकअपवाल्याची दुचाकी, शाखेतला वजनकाटा, भिवंडीचं हब, तिथला सरकता पट्टा, ट्रक किंवा विमान, मग तिकडचं हब, तिकडची शाखा आणि शेवटी आणखी एक दुचाकी. खोक्यावर लाल अक्षरांत ‘नाजूक’ लिहिलं की आपलं काम झालं असं समजणारे बरेच आहेत. पट्ट्यावरून खोका पडतो तेव्हा पट्टा ते वाचत नाही. स्टिकर लावायचा तर लावा, पण पॅकिंग असं करा की तो निघून गेला तरी फरक पडू नये.

पॅकिंग ठरवताना वस्तू केवढी आहे हे नंतर बघा. तुटली तर ती कुठून तुटेल, हे आधी बघा. किटलीची तोटी आणि कान. घड्याळात लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला टांगलेला असतो ती पट्टी. तबकडीची कड. ग्रामोफोनच्या साउंडबॉक्समधला अभ्रकाचा पडदा. फ्रेमची काच. ही जागा एकदा सापडली की कोणता फोम, किती जाड, खोका केवढा, ही उत्तरं आपोआप मिळत जातात. उलट करायला गेलं, म्हणजे घरात पडलेला खोका घेतला आणि त्यात वस्तू बसवली, की हमखास घोटाळा होतो.

किटलीचंच घेऊ, कारण तिच्यात सगळ्या अडचणी एकत्र आहेत.

झाकण आधी काढायचं आणि वेगळं गुंडाळायचं. झाकण जागेवर ठेवून वरून टेप मारणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ट्रकच्या थरथरीने झाकणाची कड आणि किटलीचं तोंड तासन्‌तास एकमेकांवर घासतं. पार्सल कुठेही न पडतादेखील दोन्हीकडे टवके उडतात. किटलीच्या पोटात टिश्यू पेपरचे चुरगळलेले गोळे घालायचे, पण सैलसर. गच्च ठासले तर बाहेरून धक्का बसताच आतला कागद भिंतीला बाहेर ढकलतो आणि पातळ चिनी माती तडकते.

मग संपूर्ण किटलीभोवती टिश्यू किंवा बटर पेपरचा एक थर. बबल रॅप थेट लावू नका. सोनेरी काठ, हाताने रंगवलेली फुलं, जुनं वार्निश, यांवर उकाड्यात बबलचे गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. वर्तमानपत्रही नको. शाई लागते, आणि झिलई नसलेल्या मातीवर लागलेली शाई निघत नाही.

आता तोटी. ईपीई फोमची, म्हणजे त्या पांढऱ्या मऊ शीटची, बोटभर जाडीची पट्टी कापून तोटीच्या दोन्ही बाजूंनी अशी लावायची की फोम तोटीच्या टोकापेक्षा दोन सेंटिमीटर तरी पुढे येईल. कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा भरायचा, म्हणजे कानाला आतून आधार मिळतो, आणि मग बाहेरून तशीच पट्टी. यावर लहान बबलचे तीन-चार वेढे. शेवटी हातात एक बेढब गोळा यायला हवा. तोटी कोणत्या बाजूला आहे हे चाचपून कळत असेल, तर अजून गुंडाळायचं बाकी आहे. टेप फक्त बबलवर, तीही मोजकी, आणि प्रत्येक टेपचं टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे घेणाऱ्याला ते बोटांनी ओढून काढता येईल. साऱ्या प्रवासातून सुखरूप पोहोचलेल्या वस्तू शेवटी गिऱ्हाइकाच्या कटरने जातात. टेपचे वीस वेढे मारले की तो कटर घेणारच.

खोके दोन लागतात. समजा किटली तोटी-कानासकट २२×१४×१६ सेंटिमीटर आहे. चारही बाजूंनी आणि वर-खाली ४ सेंटिमीटर फोम धरला, तर आतला खोका ३०×२२×२४. त्याच्या सगळ्या बाजूंनी आणखी ५ सेंटिमीटर जागा सोडून बाहेरचा खोका ४०×३२×३४. आतला तीन प्लायचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या तीन थरांचा, चालतो, बाहेरचा पाच प्लायचाच हवा. बाहेरचा खोका पडला की त्याचा कोपरा चेपतो, मधला थर दबतो, आणि धक्का आतल्या खोक्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा जोर निघून गेलेला असतो. एकाच खोक्यात दुप्पट बबल भरून हे साधत नाही, कारण चेपलेला कोपरा थेट वस्तूपर्यंत जातो.

इथे पैशाचा हिशोब येतो, आणि तो वस्तू विकायला टाकण्याआधी करायचा असतो. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५००० ने भागतात. आपला खोका: ४०×३२×३४ म्हणजे ४३,५२०, भागिले ५०००, म्हणजे ८.७ किलो. काट्यावर तेच पार्सल जेमतेम अडीच किलो भरेल. काही कंपन्या रस्त्याने जाणाऱ्या मालाला ४००० ने भागतात. मग तोच खोका जवळपास ११ किलोचा होतो. ‘दोनशे रुपयांत पाठवतो’ असं लिहून बसलेला विक्रेता मग खर्च वाचवायला दुसरा खोका काढून टाकतो. फुटण्याची सुरुवात तिथून होते. भाडं आधी काढा आणि वस्तूच्या पानावर वेगळं, स्पष्ट लिहा.

सामान घ्यायला क्रॉफर्ड मार्केट, अब्दुल रहमान स्ट्रीट, मस्जिद बंदर हा पट्टा पुरेसा आहे. बबल रॅपचा अख्खा रोल, फोमशीट, टेपचे सहाच्या पटीतले डबे तिथे एकत्र मिळतात. खोके मात्र मापाने बनवून देणारा गाठावा. पाच-सहा मापं ठरवून ठेवली की कोणतीही वस्तू त्यांतल्या एखाद्यात बसते. किराणा दुकानातला तेलाचा किंवा बिस्किटांचा जुना खोका फुकट मिळतो म्हणून वापरू नका. एकदा घडी पडलेला, दबलेला पुठ्ठा वरचं वजन पेलत नाही, आणि हबमध्ये तुमच्या पार्सलवर काय रचलं जाईल हे तुमच्या हातात नसतं.

मऊ म्हणजे चांगलं हा समज सोडायला हवा. सहा किलोचं पितळी घड्याळ बबलवर ठेवलं तर खालचे बबल एक-दोन धक्क्यांत फुटतात आणि घड्याळ पुठ्ठ्यावर येऊन बसतं. त्याला २५ मिलिमीटरचा घट्ट ईपीई फोम लागतो. याउलट दोनशे ग्रॅमचा काचेचा पेला कडक थर्माकोलमध्ये बसवला तर थर्माकोल दबतच नाही, सगळा धक्का पेल्याला. हलक्या वस्तूला मऊ थर, जड वस्तूला घट्ट थर. वर्तमानपत्राचे गोळे पहिल्या दिवशी गच्च वाटतात, चार दिवसांच्या थरथरीत बसतात आणि वर रिकामी जागा तयार होते. थर्माकोलचे सुटे दाणे तर वाटेत सरकत राहतात, आणि जड वस्तू हळूहळू तळाला जाते. वापरायचेच असतील तर छोट्या पिशव्यांत भरून, पिशव्या बंद करून वापरा.

पावसाळ्याचं वेगळं बोलायला हवं. पुठ्ठा हवेतली ओल पितो, आणि दमट हवेत खोक्याची वजन पेलायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून जून ते सप्टेंबर पाचऐवजी सात प्लाय, खोक्यांची थप्पी जमिनीवर न ठेवता फळीवर, आणि टेप मारण्याआधी पुठ्ठ्याचा तो भाग कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा, कारण दमट पुठ्ठ्यावर टेप धरत नाही. प्लास्टिक दोन ठिकाणी: वस्तू गुंडाळून झाली की जाड पॉलिथिनची पिशवी, आणि बाहेरच्या खोक्यावर स्ट्रेच फिल्म. सिलिका जेलची पुडी त्या आतल्या बंद पिशवीत टाकायची. उघड्या खोक्यात टाकलेली पुडी अख्ख्या मुंबईची हवा सुकवायला बसते आणि बघता बघता संपते. पत्ता इंकजेटवर छापू नका, शाई पसरते. लेझर प्रिंट किंवा बॉलपेन. लेबलवर पारदर्शक टेप लावाल ती बारकोड सोडून लावा. बारकोडवर सुरकुतलेली चकचकीत टेप आली की स्कॅन होत नाही, आणि स्कॅन न होणारं पार्सल कोपऱ्यात जाऊन पडतं. पत्ता आणि मोबाइल नंबर लिहिलेला एक कागद खोक्याच्या आतही ठेवा.

टेप ७२ मिलिमीटरची घ्या. मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही कडांवर एकेक, म्हणजे वरून आडव्या एच अक्षरासारखी दिसेल. खालीही तशीच. फक्त मधे एक पट्टी मारली की कडा उघड्या राहतात, आणि त्यांत सरकत्या पट्ट्याचा रूळ अडकतो. सुतळी बांधू नका. तिला धरून पार्सल उचललं आणि फेकलं जातं.

पॅकिंग जमलं की नाही हे वस्तू पाठवून बघायचं नसतं. आधी हलवून बघा: आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा भरा. वरून दोन्ही हातांनी दाबा: झाकण खाली जात असेल तर भरणा कमी आहे. नेहमी एकाच प्रकारचा माल पाठवत असाल तर एकदा नीट चाचणी घ्या. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनची ‘१ए’ नावाची साधी चाचणी आहे. तिच्यातला पाडण्याचा भाग असा: साडेनऊ किलोपर्यंतचं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडायचं: एकदा कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या कडांवर, सहादा सहा बाजूंवर. ७६ सेंटिमीटर म्हणजे साधारण टेबलाची उंची. आत खऱ्या किटलीऐवजी बाजारातली तितक्याच वजनाची स्वस्त किटली ठेवा. ती वाचली तर खरी वाचेल. व्यवसाय मोठा असेल तर अंधेरीच्या एमआयडीसीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, १९६६ पासूनची संस्था. पॅकिंगची रीतसर चाचणी तिथे होते.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. बशा आणि थाळ्या आडव्या रचू नका, कडेवर उभ्या ठेवा, प्रत्येकीमध्ये फोम. कप एकात एक घालू नका. ७८ आरपीएमची लाखेची तबकडी अजिबात वाकत नाही, सरळ तुटते. दहा इंची, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या तबकडीसाठी पुठ्ठ्याचे ३० सेंटिमीटरचे दोन चौकोन घ्या. एकाच्या नागमोडी थरातल्या नळ्या उभ्या, दुसऱ्यातल्या आडव्या, म्हणजे जोडी कुठूनही मुडपत नाही. तबकडी पाकिटासकट मधोमध, पाकीट खालच्या पुठ्ठ्याला टेपने पक्कं, म्हणजे ती घसरून कडेला येणार नाही. एका जोडीत चारपेक्षा जास्त नको, आणि हे सँडविच मोठ्या खोक्यात सगळीकडून ५ सेंटिमीटर फोमवर. एलपी, म्हणजे विनाइलच्या तबकड्या, तितक्या नाजूक नसतात, पण तिथे जपायचं असतं ते कव्हर. तबकडी कव्हरमध्येच राहिली तर धक्क्याने कव्हरची शिवण फाटते आणि किंमत निम्मी होते. आतल्या पाकिटासकट बाहेर काढून कव्हरच्या मागे ठेवा आणि दोन्ही एका प्लास्टिकमध्ये घाला.

लंबकाच्या घड्याळाची चावी पूर्ण उतरू द्यायची, मगच लंबक काढायचा. ठोक्याचा हातोडा टिश्यूत गुंडाळून जागेवर बांधायचा. लंबक आणि चावी वेगळ्या डबीत, आणि ती डबी खोक्याच्या भिंतीला पक्की. सुटा राहिलेला पितळी लंबक आतल्या आत काच फोडतो. ग्रामोफोनचंही तसंच: चावी उतरवा, हँडल काढा, ताटली काढा, साउंडबॉक्स काढून स्वतंत्र डबीत, कर्णा स्वतंत्र खोक्यात. कॅमेऱ्याची लेन्स आणि बॉडी वेगळी, बॅटरी बाहेर. रॉकेलचा दिवा धुऊन, सुकवून, वास जाईपर्यंत ठेवून मगच पाठवा. ज्वलनशील द्रवाचा वास येणारं पार्सल विमानाने जात नाही. आणि फ्रेमची काच? ती पाठवूच नका. फुटलेली काच आतल्या चित्राला कापते. काच काढून चित्र पाठवा, घेणाऱ्याच्या गावात काच कोणीही बसवून देतो. काच मूळचीच असेल आणि ठेवायलाच हवी असेल तर तिच्यावर कागदी मास्किंग टेपचं जाळं करा. त्याने काच फुटायची थांबत नाही, पण तुकडे टेपला चिकटून राहतात.

मनगटी घड्याळ, पेन, नाणी यांची भीती वेगळी. त्या फुटत नाहीत, गायब होतात. इवलंसं पाकीट खिशात जातं किंवा पोत्याच्या तळाशी हरवतं, म्हणून निदान वीत-सव्वा वीत लांबीचा खोका करा. बाहेर ब्रँडचं नाव, ‘अँटिक’, ‘व्हिंटेज’ असलं काही नको. सोनं, दागिने, रोकड साधे कुरिअरवाले नियमानेच घेत नाहीत. खोटं नाव लिहून दिलंत तर भरपाईचा प्रश्नच येत नाही. (झवेरी बाजारातले आंगडिये, म्हणजे दागिने-रोकड पोहोचवणारे खासगी लोक, हा सगळा निराळा संसार आहे, तो विश्वासावर चालतो, ऑनलाइन गिऱ्हाइकासाठी नाही.)

आता पावती, म्हणजे डॉकेट. त्यावर ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालकाची) आणि ‘कॅरियर्स रिस्क’ (जोखीम नेणाऱ्याची) असे दोन पर्याय असतात. काही न बोलता दिलं तर ओनर्स रिस्कवर खूण होते, आणि मग नुकसान झालं तर कंपनी आपल्या अटींप्रमाणे किरकोळ रक्कम देऊन मोकळी होते, वस्तू पन्नास हजारांची का असेना. कॅरियर्स रिस्कसाठी जाहीर केलेल्या किमतीवर एफओव्ही नावाचा जादा आकार भरावा लागतो. तो भरा, पण आधी विचारा की काच आणि चिनी माती त्यात धरतात का. बऱ्याच ठिकाणी तुटफूट वगळलेली असते आणि फक्त हरवण्याची भरपाई मिळते. दुसरा मार्ग विमा कंपनीकडून वाटेतल्या मालाचा विमा घेण्याचा. तिथे ‘इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए’ मागा, तो सगळ्यात व्यापक. त्यातही अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं. म्हणजे दोन खोके, फोम, जागा हे सगळं केल्याचा पुरावा हातात हवा.

पुरावा असा: वस्तूच्या चारही बाजू, आधीचा टवका किंवा डाग, असल्यास नंबर, मग गुंडाळणं, आतला खोका, बाहेरचा खोका, टेप, लेबल, हे सगळं एका सलग व्हिडिओत. मधे थांबवला तर त्याला अर्थ उरत नाही. त्यानंतर पार्सल काट्यावर ठेवून आकड्यासकट फोटो. हा फोटो कोणी काढत नाही, आणि चोरीच्या तक्रारीत तोच कामाला येतो: इथे २.४८० किलो आणि तिथे १.९ किलो, तर माल वाटेत काढून घेतला गेला हे वेगळं सांगावं लागत नाही. टेपच्या जोडावर आडवी सही करा, म्हणजे टेप बदलली तर कळेल. आणि महाग पार्सल पिकअपवाल्याकडे देऊ नका. तो ते दुचाकीवरच्या पोत्यात बाकीच्यांबरोबर कोंबतो. स्वतः शाखेत जा, समोर वजन करून डॉकेटवर लिहून घ्या. सोमवार-मंगळवार बरा, शुक्रवारचं पार्सल रविवारभर गोदामात पडून राहतं. दिवाळीआधीचे आठ-दहा दिवस टाळता आले तर टाळाच.

बिल पार्सलसोबत जायला हवं, आणि त्यावरची किंमत व डॉकेटवरची किंमत एकच. परराज्यात ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याची जीएसटीची ऑनलाइन नोंद, लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर आधी वस्तूचं वय बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. तितकी जुनी नसून दिसायला जुनी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र जोडावं लागतं. लाकडी पेटी करणार असाल तर परदेशासाठी उष्णता-प्रक्रिया केलेलं, आयएसपीएम १५ चा शिक्का असलेलं लाकूड हवं. प्लायवूडला तो नियम लागत नाही, म्हणून प्लायवूडची पेटी सोपी.

कॅश ऑन डिलिव्हरी महाग वस्तूंना ठेवू नका. पार्सल नाकारलं की तेच पॅकिंग पुन्हा तेवढाच प्रवास करतं, आणि परत आलेल्या खोक्यात तीच वस्तू असेल याची खात्री नसते.

गिऱ्हाइकाला ट्रॅकिंग नंबरसोबत चार ओळी पाठवा. खोका ओला, चेपलेला किंवा टेप बदललेला दिसला तर सही करण्याआधी डिलिव्हरीच्या कागदावर तसं लिहायचं, नुसतीच सही करायची नाही. उघडताना व्हिडिओ, लेबल दिसण्यापासून सुरुवात. आतला खोका उलटा करून वस्तू पाडायची नाही, फोम बाजूला काढून उचलायची. झाकण वेगळं गुंडाळलंय हे तर ठळक लिहा. कागदाच्या ढिगासोबत झाकणं कचऱ्यात जातात. काही तुटलेलं निघालं तर त्याच दिवशी फोटो आणि लेखी तक्रार, कारण तक्रारीची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती डॉकेटच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत खोका, फोम, तुकडे यांतलं काहीही टाकायचं नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, आला तर तुटलेल्या किटलीआधी तो खोकाच बघायला मागतो.